गालातला गूळ

केवळबाईचा खोकला मला पसंत पडत नव्हता.

"अक्का, पुन्हा एकदा," मी म्हणालो. "असं बघा. मूठ तोंडाशी न्यायची. छाती आत घ्यायची. तीनदा खोकायचं आणि मग श्वास अडकल्यासारखं करायचं."

मी करून दाखवलं. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी हळहळलं. आपल्याला अजून जमतंय, असं वाटून मला बरं वाटलं.

केवळबाईने मूठ तोंडाशी नेली, छाती आत घेतली आणि अगदी माझ्यासारखी तीनदा खोकली. तिच्या मागच्या सहा जणीही तशाच खोकल्या. सातही जणींचा श्वास एकाच जागी अडकला.

"भाऊ," केवळबाई म्हणाली, "असं खोकाले बसनूत तं काम कोन करी?"

सगळ्या हसल्या. कारखान्याचे मुकादम नाना खुर्चीत बसून शूटिंग बघत होते. तेही हसले. "मन्या बाया खोकतसच नई," ते म्हणाले. मला तो विनोद वाटला.

धुळ्याच्या बाहेर एका जिनिंगमध्ये आमचं शूटिंग चाललं होतं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. एका ओळीत यंत्रं, प्रत्येक यंत्रापाशी एक बाई. ती मुठी भरभरून कापूस आत घालते, खाली सरकी पडते, पुढे रुई निघते. आवाज असा, की शेजारणीशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. म्हणून खोकल्याचा प्रसंग आम्ही जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं थांबल्यावर घेत होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि दिग्दर्शक म्हणून हा माझा पहिलाच चित्रपट होता.

त्याआधी अकरा वर्षं मी नट होतो. चार चित्रपटांत मी क्षयाने मेलो. क्षयाने मरण्यात माझा हात धरणारं तेव्हा कुणी नव्हतं, हे मी नाही म्हणत, गावोगावी तंबूत सिनेमा बघणारे प्रेक्षक म्हणायचे. जामनेरच्या बाजारात एका आजीने मला ओळखलं आणि पेलाभर दूध पाजूनच सोडलं. "जीव सांभाळ रे बाबा," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी धडधाकट होतो, तरी डोळे पाणावून दूध प्यालो. नटाला अशा वेळी खरं बोलवत नाही.

चित्रपट करायचं डोक्यात आलं ते एका मेकअपच्या खुर्चीत. म्हाताऱ्याची भूमिका होती. मेकअपमन माझ्या केसांवर पांढरी पावडर मारत होता आणि आरशात बघता बघता मला जळगावची आमची शाळा दिसायला लागली. शाळा सुटायची वेळ आणि जिनिंगची पाळी सुटायची वेळ एकच. रस्त्याने म्हाताऱ्यांचा एक घोळका यायचा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, लुगडी पांढरी. चौकात आल्या की त्या थांबायच्या, पदर झटकायच्या, डोकी झटकायच्या, आणि झटकता झटकता एकेक बाई तरुण होत जायची. उन्हात रुईचा ढग उभा राहायचा आणि त्यातून हसण्याचा आवाज यायचा. आम्ही पोरं दप्तरं घेऊन उभी राहायचो. म्हाताऱ्याला तरुण करण्याची जादू आपल्या गावाला येते, असं मला कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं.

मोठा झालो तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणी खऱ्या म्हाताऱ्या व्हायच्या आधीच गेल्याचं कळलं. पावडर लावलेल्या डोक्याने मी त्या दिवशी ठरवलं, की हे दाखवायचं. नट म्हणून लोकांना मी खोटं मरण पुष्कळ दाखवलं होतं.

कारखान्याचे मालक रतनशेठ माझ्या मरणांचे चाहते. शूटिंगची परवानगी त्यांनी चहाचा पेला खाली ठेवायच्या आत दिली. "तुम्ही आमच्या इथं येताय, हेच आमचं भाग्य," ते म्हणाले. चित्रपट कशावर आहे ते मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या चित्रपटात मी मरताना आईला काय म्हणतो ते मला म्हणून दाखवलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

कॅमेरामन आप्पा कोल्हापूरचे. पहिल्या दिवशी त्यांनी जिनिंगच्या छपराला असलेल्या काचेतून उन्हाची तिरीप खाली उतरताना बघितली आणि ते बोलायचेच बंद झाले. त्या तिरपेत रुईचे तंतू तरंगत होते. वर जात होते, थांबत होते, जसं काही त्यांना कुठे जायचंच नव्हतं. यंत्रांच्या गर्जनेत ते इतके निवांत दिसत, की आपण पाण्याखाली उभे आहोत असं वाटायचं. आप्पांनी दोन दिवस नुसती रुई टिपली. मीही त्यांना अडवलं नाही. मलाही शाळेतला मुलगा झाल्यासारखं झालं होतं.

टिपलेली फिल्म डब्यात बंद करून चाळीसगावच्या गाडीने मुंबईला जायची. तिथे धुऊन तिची प्रिंट निघायची आणि आठवड्याने परत यायची. काटछाट न केलेल्या या प्रिंटला रशेस म्हणतात. धुळ्यातल्या एका टॉकीजवाल्याने सकाळच्या वेळी आम्हाला पडदा दिला होता. पहिले रशेस आले तेव्हा मी सातही बायकांना बोलावलं. त्या बाकांवर न बसता पुढे जमिनीवर बसल्या.

पडद्यावर रुई तरंगू लागली. काळ्याशार अंधारात पांढरे तंतू, आणि मधूनच एखादा हात, एखादा चेहरा. आवाज नव्हता. केवळबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. "आपलाच कारखाना शे का हाई?" तिने शेजारणीला विचारलं. मी पडद्याकडे बघत होतो आणि सुखाने भरून येत होतो. इतकं सुंदर काही मी आयुष्यात केलं नव्हतं.

मग खोकल्याचा प्रसंग आला. तिथे आवाज होता. केवळबाई माझ्यासारखी खोकली, दुसरी माझ्यासारखी, तिसरी माझ्यासारखी. मुठी माझ्या, डोळे वर नेणं माझं, श्वास अडकणंही माझंच. आवाज टिपणारा आमचा सोराब मागच्या बाकावरून शांतपणे म्हणाला, "साहेब, या पिक्चरमध्ये तर तुम्ही एकटेच आहात. सात वेळा."

मला राग आला. राग आला, कारण ते खरं होतं. नट दिग्दर्शक झाला की ही चूक हटकून करतो. सांगायचं सोडून करून दाखवतो, आणि समोरचा बिचारा ते उचलतो. त्यात यांनी मला तंबूत मरताना बघितलेलं. खोकायचं म्हणजे असंच, असा त्यांचाही समज.

प्रसंग पुन्हा घ्यायचा ठरला. या वेळी चालू यंत्रांवर, उन्हाच्या तिरपेत. आवाज नंतर भरू, आधी चित्र तरी खरं मिळू दे, असं मी म्हणालो. नेमका तो आठवडे बाजारानंतरचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी कारखाना बंद असायचा. या गोष्टीला महत्त्व आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

इथे कंटिन्युइटी सांगायला हवी. एकच प्रसंग आम्ही तुकड्यातुकड्याने घेतो, कधी चार दिवसांनी. पडद्यावर मात्र तो सलग दिसायला हवा. कपाळावरची बट, पदराचा खोचा, सगळं तंतोतंत तसंच लागतं. माझ्या एका चित्रपटात माझ्या डाव्या हाताला गोळी लागते आणि पुढच्या दृश्यात उजवा हात झोळीत असतो. त्यावरून लोक मला वर्षभर चिडवत होते. त्यामुळे या बाबतीत मी फार काटेकोर झालो होतो.

आप्पांनी कॅमेरा लावला आणि मला दिसलं, की केवळबाईचा उजवा गाल फुगलेला आहे. जेवणाच्या सुट्टीतल्या आधीच्या तुकड्यात तो सपाट होता, आणि त्यातला खोकण्याआधीचा भाग आम्ही ठेवणार होतो. बाकीच्यांकडे बघितलं तर प्रत्येकीचा एक गाल फुगलेला.

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अक्का, तोंडात काय आहे?"

"गुय शे भाऊ." गुळाचा खडा.

"तो काढा."

तिने शेजारणीकडे बघितलं. "काढनं पडी का?"

"हो, गाल वेगळा दिसतोय."

तिने तोंडातला खडा काढून पदराच्या टोकाला बांधला. बाकीच्यांनीही काढले. एवढ्यात ढग आला आणि ऊन गेलं. आम्ही थांबलो. बायकांचं काम चालूच होतं. दहा मिनिटांनी तिरीप पुन्हा उतरली, आणि मी खूण करणार तोच आप्पांनी आपणहून कॅमेरा चालू केला.

केवळबाई खोकत होती. तोंड घट्ट मिटलेलं, हात कापूस घालायचे थांबलेले नाहीत, फक्त खांदे आतल्या आत हादरत होते. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते आणि कॅमेऱ्याकडेही नव्हते. ते ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या नाना मुकादमांकडे होते. त्यांची पाठ वळली की ती पदरात एकदाच मोठ्याने खोकून घ्यायची आणि पुन्हा तोंड मिटायची. तिच्या मागे दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. वरून रुई तरंगत खाली येत होती. मी दिग्दर्शक असल्याचं विसरलो. कट म्हणायचंही विसरलो. फिल्म संपली तेव्हा कॅमेरा आपोआप थांबला.

जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच माझ्याकडे आली. गाल पुन्हा फुगलेला होता.

"भाऊ, हाई पिच्चरमा नका दखाडू."

"का अक्का?"

"मुकादमले दिसनं तं मनं काम गयं. खोकनारी बाईले तो दोन दिन घर बस म्हनस. दोन दिन झायात, का मनी जागावर दुसरी बाई. घरमा कमावनारी मी एकलीच शे."

मग तिने मला गुळाचं सांगितलं. गूळ चघळत राहिलं की घसा ओला राहतो, धूळ खाली उतरते आणि खोकला दाबला जातो. पाळीला येताना प्रत्येक बाई पदराला गुळाचे खडे बांधून आणते. "मन्या बाया खोकतसच नई," हे नाना मुकादम म्हणाले होते त्यात विनोद नव्हता. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी मला पुढे समजावलं, की एक दिवस धुळीपासून सुटलेली छाती दुसऱ्या दिवशी धुळीत गेली की जास्तच आवळते. म्हणून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खोकला सगळ्यात वाईट. आणि कंटिन्युइटीच्या नादात मी नेमका त्याच दिवशी त्यांचा गूळ काढला होता.

रशेस आले. ते मी, आप्पा आणि सोराब तिघांनीच बघितले.

"हे ठेवायचं," आप्पा म्हणाले. "यासाठीच आलो होतो आपण."

"बाईने नको म्हटलंय."

"एका बाईसाठी बाकीच्या हजारो बायकांचं दाखवायचं नाही?"

आप्पांचं म्हणणं चूक नव्हतं. मला तर तो तुकडा इतका हवा होता, की लाज वाटत होती. मनातल्या मनात मी केवळबाईला दुसरं काम मिळवून देत होतो, मुंबईला नेत होतो, काय काय करत होतो. चार दिवस मी असाच अधांतरी फिरत होतो. शेवटी बाजाराच्या दिवशी दुपारी तिच्या घरी गेलो. ती दारात गोवऱ्या रचत होती. मी सगळं खरं सांगितलं. तो तुकडा चांगला झालाय हे सांगितलं, आणि मला तो सोडवत नाही हेही सांगितलं.

तिने दोन गोवऱ्या रचल्या. मग म्हणाली, "मना खोकला लई जा भाऊ. तोंड नका लई जाऊ. खोकलावर कोनं नाव लिखेल शे?"

हे मला सुचायला हवं होतं, किंवा निदान सोराबला. कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज टिपून ठेवायचा आणि नंतर कुठल्याही चित्रावर बसवायचा, याला आमच्यात वाइल्ड ट्रॅक म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, पाळीच्या आधी, केवळबाईच्या ओट्यावर सातही जणी गूळ न घेता बसल्या. सोराबने टेपचं यंत्र मधे ठेवलं. एका बाईने अंगणात रुई पिंजून उडवली. मी कुणालाच काही करून दाखवलं नाही. पाऊण तास सोराब कानाला हेडफोन लावून खाली बघत होता. नंतर तो कोपऱ्यावर जाऊन एकटाच उभा राहिला.

खांद्यांचा तो तुकडा मी निगेटिव्हमधून कापून काढला. निगेटिव्ह म्हणजे मूळ फिल्म. तीच नसली की प्रिंट निघत नाही. तो तुकडा मी धुळ्याला नेऊन केवळबाईच्या हातात दिला, म्हणजे तिला माझ्या शब्दावर विसंबून राहायला नको. तिने तो उन्हाकडे धरला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं.

"हाई मी शे?" तिने डोळे बारीक केले. "आठे रुई कायी दिसस."

"हो. यात तसं दिसतं."

"छातीमा असंच व्हई," ती म्हणाली, आणि तुकडा गुंडाळून कनवटीला खोचला.

चित्रपट तयार झाला. त्यात आप्पांची रुई होती, तरंगत राहणारी, सात मिनिटं, आणि तिच्यावर नुसता खोकला. एकही चेहरा नाही. स्वप्नात कुणीतरी शेजारच्या खोलीत खोकावं तसं ते ऐकू यायचं. संकलनाच्या टेबलावर एकच अडचण होती. डॉक्टरांचा एक प्रसंग मी टिपला होता. धूळ ओढून बाहेर टाकणारे पंखे बसवता येतात, तोंडाला ओलं फडकं बांधलं तरी फरक पडतो, असं त्यात ते साध्या शब्दांत सांगत होते. त्या सात मिनिटांनंतर तो प्रसंग मला दातात खडा आल्यासारखा वाटायचा. सगळी धुंदी उतरायची. मी तो काढून टाकला, आणि तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

चित्रपट नावाजला गेला. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी 'नटाचा पुनर्जन्म' वगैरे लिहिलं. धुळ्यात पहिल्या खेळाला रतनशेठ घरच्यांना घेऊन आले. बायका पुढे होत्या. खोकला सुरू झाला तशी त्यांच्यात कुजबुज झाली. प्रत्येकीला आपापला ओळखू येत असावा. नाना मुकादम शेवटच्या रांगेत होते, आणि त्यांना कुणाचाच ओळखू आला नाही. दिवे लागले तेव्हा रतनशेठ रुमालाने डोळे पुसत होते. मी जिंकलो होतो.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम कारखाना बघायला गेलो. फाटकातच एक मोठी पितळी परात ठेवलेली होती आणि नाना मुकादम तिच्यातून प्रत्येक बाईला मूठभर गूळ देत होते.

रतनशेठ माझा हात धरून आत घेऊन गेले. "साहेब, तुमचं पिक्चर बघून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. चौकशी केली. कळलं, की बायका घरून गूळ आणतात. म्हटलं, हे बरोबर नाही. आपण द्यायला पाहिजे. चांगल्यातला मागवलाय."

मी त्यांना पंख्यांबद्दल सांगितलं. ओल्या फडक्याबद्दल सांगितलं. डॉक्टरांचं सगळं म्हणणं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "पण साहेब, हे पिक्चरमध्ये कुठं होतं?"

नट असताना मला कधी वाक्याची वाण पडली नव्हती.

बाहेर पडताना केवळबाई भेटली. पाळीला चालली होती, दोन्ही गाल फुगलेले. "भाऊ, तुमना पिच्चरनी किरपा. आते गुय इकत लेनं पडत नई." मग यंत्रांच्या ओळीकडे हात करून म्हणाली, "आते कोनीच खोकत नई." तिने पदराची गाठ सोडून एक खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तिच्यासमोरच तोंडात टाकला. खरंच चांगल्यातला होता.

पंखे बसले, पण तीन हंगामांनी. तोवर दर भेटीत मी रतनशेठांना आठवण करून देत होतो आणि ते दर वेळी मनापासून वहीत लिहून घेत होते. केवळबाईने त्याआधीच काम सोडलं होतं. दम पुरत नव्हता.

पुढच्या चित्रपटात डॉक्टर नव्हते, पण तसलाच एक कोरडा प्रसंग होता. कुणीतरी उभं राहून काय करायला हवं ते सरळ सांगतं. तो मी ठेवला. त्या जागी चित्रपट थांबतो, असं समीक्षकांनी लिहिलं. बरोबर आहे, थांबतो. घड्याळ लावून बघितलं तर चाळीस सेकंद थांबतो.